रविवार, अकरा ते पाच

सात वर्षांची मुलगी समुपदेशकासमोर बसून सांगते, "बाबांनी अजून इंटरिम मेंटेनन्स (केस चालू असतानाची पोटगी) भरलेलं नाही." नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, "आईने आमच्यावर ४९८ टाकली." त्यातलं 'आमच्यावर' नीट ऐकावं. ४९८ म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी केस, जुन्या दंड संहितेच्या कलम ४९८-अ वरून पडलेलं नाव. ती वडिलांवर असेल, आजी-आजोबांवर असेल, पण वकीलपत्रावर आपलीही सही असल्यासारखं मूल बोलतंय.

भांडणाऱ्या आई-बापांपैकी एकाने मुलाला दुसऱ्याविरुद्ध फितवलं की आपल्याकडे त्याला कान भरणं म्हणतात. कोर्टाच्या कागदांत 'पेरेंटल एलियनेशन' असं भारदस्त नाव येतं आणि हल्ली मुलाच्या ताब्याच्या अर्जांत ते सर्रास दिसतं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्यांची अशी प्रकरणं चालू आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. हे नाव अर्जात जितक्या कमी वेळा येईल तितकं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. मूल तुटतं ते बहुतेक वेळा भेटीच्या ढिसाळ आदेशाच्या फटींतून आणि भेटींमधल्या रिकाम्या महिन्यांतून. त्या फटी बुजवायला तारखा, वेळा आणि ठिकाणं लागतात. विशेषणं उपयोगी पडत नाहीत.

नावाची भानगड

'पेरेंटल एलियनेशन सिंड्रोम' हे नाव रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये दिलं. त्याने आठ लक्षणं सांगितली. त्यातली काही आपल्या घरांतही ओळखता येतात. मूल एका पालकाबद्दल सतत वाईट बोलतं. कारण विचारलं तर फुसकं निघतं, "ते मोठ्याने जेवतात", "ती सारखी अभ्यास घेते". एक पालक शंभर टक्के चांगला आणि दुसरा शंभर टक्के वाईट, मधलं काही नाही. न विचारताच "हे मला कोणी शिकवलेलं नाही" असं मूल सांगतं. स्वतः न पाहिलेले प्रसंग, म्हणजे लग्नातलं भांडण किंवा जन्माआधीचा हुंडा, पाहिल्यासारखे सांगतं. आणि राग एका माणसापुरता राहत नाही. कालपर्यंत जिच्या हातचा बेसनलाडू लागायचा त्या आजीचा फोनही नको होतो, आत्या नको, चुलतभाऊ नको.

लक्षणं ओळखीची वाटली तरी हा आजार म्हणून मान्य झालेला नाही. डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या आजारांच्या यादीत तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या सूचीत आलेली ही संज्ञा २०२० मध्ये काढून टाकली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी मानवाधिकार परिषदेपुढे ठेवलेल्या अहवालात याच्या गैरवापरावर कडक टीका केली. घरातल्या हिंसेची तक्रार करणाऱ्या आईवरच 'तू मुलाला फितवतेस' असा उलटा आरोप ठेवायला हे नाव वापरलं जातं, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. तो मुद्दा खरा आहे. मूल भेटीला नाही म्हणतं याचं कारण कधीकधी साधं असतं: त्याने मार पाहिलेला असतो, किंवा खाल्लेला असतो.

म्हणून जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये मांडलेली विभागणी जास्त कामाची आहे. त्यांनी नजर सिंड्रोमवरून काढून मुलावर आणली. काही मुलांना एक पालक जास्त जवळचा असतो, त्यात काही बिघडलेलं नाही. काही मुलं भांडणात एका बाजूला झुकतात, पण दुसऱ्याकडे जायला तयार असतात. काही स्वतःच्या अनुभवामुळे दुरावतात. आणि काहींचा नकार त्यांच्या अनुभवाशी जुळतच नाही. अनुभवातून दुरावलेलं मूल नेमकं सांगतं: कुठल्या खोलीत, काय फेकलं, नंतर कोण आलं. त्याला त्या पालकाची आठवणही येते आणि भीतीही वाटते, दोन्ही एकदम. कान भरलेल्या मुलाची तक्रार पाठ केलेली आणि गोल असते. खोली विचारली की अडखळतं. या दोघांना एकाच मापाने मोजलं तर पहिल्या मुलावर अन्याय होतो. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर एलियनेशनचा वाद बाजूला ठेवून आधी चाईल्ड हेल्पलाईन १०९८ आणि पोलीस. चौकशी होईपर्यंत देखरेखीखाली भेट मागणं दोन्ही बाजूंच्या हिताचं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका मुलीच्या ताब्याच्या निकालात एलियनेशनची चर्चा केली आणि ताबा आईकडे देण्याचा निर्णय कायम ठेवला. मुलाला निष्ठेच्या रस्सीखेचीत उभं केलं जातं आणि खरं काय, खोटं काय हे ठरवण्याचं ओझं त्याच्यावर पडतं, हे त्यात नोंदवलं आहे. वकील अजून हाच निकाल जोडतात. पण मे २०२४ चा निकाल जोडायला विसरतात. त्यात न्यायालयाने बजावलं, की फितवण्याचे वेगवेगळे, नेमके प्रसंग दाखवल्याशिवाय कुठल्याही पालकावर हा शिक्का घाईने मारू नका. अर्जाच्या भाषेत याचा अर्थ असा: 'प्रतिवादी मुलाचे मन कलुषित करते' या वाक्याला किंमत शून्य. '१४ तारखेला, ११.१० वाजता, गेटवर, हे घडलं' याला किंमत आहे.

कोर्ट कुठलं

इथे नवी मुंबईकर हमखास गोंधळतात. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे नेहमी राहतं तिथलं कोर्ट. 'नेहमी' म्हणजे काय, यावरच पहिले चार-सहा महिने जाऊ शकतात. खारघरच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला गेल्या महिन्यात ठाण्याला आजोळी हलवलं, तेवढ्याने त्याचं राहणं बदलत नाही. शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, सोसायटीची नोंद हे कागद पहिल्याच तारखेला लावावेत.

घटस्फोटाचा अर्ज आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच कोर्टात ताबा आणि भेट मागता येते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे प्रकरण असेल, तर कलम २१ खाली तात्पुरता ताबा आणि भेट तिथेही ठरू शकते. तीन ठिकाणी तीन अर्ज करून तीन वेगळे आदेश मिळवणारे आहेत. त्यातून शनिवार-रविवारची भांडणं वाढतात, बाकी काही हाती लागत नाही. एकच जागा धरा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. बाईसाठी आणि मुलासाठी तिथे उत्पन्नाची अट नाही.

अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, भेटीचा अर्ज मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी द्यावा. 'आधी समुपदेशन होऊ दे, मग बघू' हा सल्ला ऐकायला समजूतदार वाटतो, पण तीन महिने भेट नसली की पाच वर्षांच्या मुलाला ते वर्षासारखं लांब असतं. मुलाच्या लेखी रिकामा काळ म्हणजे 'त्यांना यायचं नव्हतं'. कान भरणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही, तारखा पुढे गेल्या की काम आपोआप होतं. पहिल्या तारखेला भेट मिळाली नाही तरी फोन मागा. जानेवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की विशेष कारण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यायला हवं. ही मागणी इतकी छोटी आहे की तिला विरोध करणारी बाजूच उघडी पडते.

सुट्ट्यांचंही गणित आहे. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी, नेमकी मुलांची सुट्टी तेव्हाच. मेच्या भेटीचा अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात पडला पाहिजे. दिवाळीचा गणपती उठले की लगेच. एप्रिलच्या शेवटी धावत जाणाऱ्याला जूनची तारीख मिळते.

आदेशातले शब्द

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यावी. भेटीचा नेहमीचा आदेश असा असतो: पहिला आणि तिसरा रविवार, अकरा ते पाच, दोन्ही पक्षांच्या सोयीने आणि मुलाच्या इच्छेनुसार. यात तीन चुका आहेत.

रविवारी मेगाब्लॉक असतो. एक पालक नेरुळला आणि दुसरा ठाण्यात असेल, तर अकरा ही वेळ म्हणजे ट्रान्स-हार्बर किंवा हार्बरच्या ब्लॉकशी गाठ. रस्त्याने यायचं तर घोडबंदर रोड. कासारवडवलीहून निघालेला माणूस वेळेत पोहोचेल याची खात्री कोणी देऊ नये. मग ११.४० ला पोहोचलेल्या पालकाला 'उशीर केला, मूल जेवायला बसलं' असं ऐकावं लागतं आणि मुलाला कळतं की बाबा वेळ पाळत नाहीत. म्हणून शनिवार मागा, किंवा रविवार सकाळी ९. आदेशात ३० मिनिटांची सवलत लिहून घ्या आणि त्याहून उशीर होणार असेल तर मेसेज करायचा, हेही.

'दोन्ही पक्षांच्या सोयीने' हे शब्द काढायला सांगा. ज्यांची सोय जुळत होती ते कोर्टात आले नसते. 'वाजवी भेट द्यावी' हे शब्दही तसेच बिनकामाचे.

सगळ्यात घातक म्हणजे 'मुलाच्या इच्छेनुसार'. दिसायला हे मुलाच्या बाजूचं वाटतं. प्रत्यक्षात दर शनिवारी सकाळी मुलाला निकाल द्यायला लावलं जातं: आज कोणाला दुखवायचं? ज्याच्या घरात तो झोपतो, जेवतो, त्याला तो दुखवणार नाही. न्यायाधीश मोठ्या मुलाशी दालनात बोलतात, पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ प्रमाणे समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेतात, ते योग्यच आहे. त्यासाठी कायद्यात ठरावीक वयही नाही. पण एकदा विचारणं वेगळं आणि दर आठवड्याला दारात विचारणं वेगळं.

मुलाची देवाणघेवाण शक्य असेल तिथे शाळेतून ठेवावी. शुक्रवारी शाळा सुटल्यावर घ्यायचं, सोमवारी सकाळी शाळेत सोडायचं. दोन पालक समोरासमोर येत नाहीत, दारातला तमाशा नाही, आणि मुलाला एकाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याकडे चालत जावं लागत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत मुख्याध्यापकांकडे आणि व्हॅनवाल्या काकांकडे द्यायची, कोण नेणार ते लेखी कळवायचं. रात्रीच्या मुक्कामाची परवानगी अजून नसेल, तर सोसायटीचं गेट. मॉलचा फूड कोर्ट किंवा स्टेशनचा पूल देवाणघेवाणीला वाईट. गर्दीत कोण आलं, कोण नाही, काही सिद्ध होत नाही.

तुटलेलं नातं असेल तर एकदम दोन दिवस मागू नका. टप्पे मागा, आणि पुढचा टप्पा आपोआप लागू होईल असं लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक पायरीला नवा अर्ज. उदाहरणार्थ, पहिल्या चार भेटी कोर्टाच्या आवारात किंवा समुपदेशकाजवळ, दोन-दोन तास. पुढच्या आठ बाहेर, चार-चार तास. मग पूर्ण दिवस. मग महिन्यातून दोनदा शनिवार रात्रीचा मुक्काम. कोर्टाच्या आवारातली भेट पहिल्या टप्प्यापुरतीच ठीक. वकिलांच्या गर्दीत, बाकड्यावर बसून कोणाचं नातं जुळत नाही.

मुलाच्या आजारपणासाठी दोन ओळी हव्यात: त्याच दिवसाची डॉक्टरांची चिठ्ठी पाठवायची, आणि बुडलेली भेट १४ दिवसांत भरून द्यायची. 'क्लास आहे', 'ऑलिम्पियाड आहे', 'मित्राचा वाढदिवस आहे' यासाठी एक ओळ: भेटीच्या वेळेत संमतीशिवाय नवीन क्लास लावायचा नाही.

सणांत नुसतं 'दिवाळी निम्मी-निम्मी' लिहू नये. धनत्रयोदशी ते लक्ष्मीपूजन एकाकडे, पाडवा आणि भाऊबीज दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. गणपती कोणाकडे दीड दिवसाचा आहे, कोणाकडे गौरींसोबत जातो, कोण कोकणात गावी जातं, ते पाहून तारखा घाला. मे महिन्याचं आणखी एक आहे: राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच लागतं. म्हणून '१ मे ते १५ मे' लिहिण्यापेक्षा 'शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पासून निम्मी सुट्टी' असं लिहिलेलं टिकतं. आजी-आजोबांच्या फोनसाठीही आठवड्यातला एक दिवस लिहून घ्या. ते कोर्टात पक्षकार नसतात, म्हणून त्यांचं नातं सगळ्यांत आधी सुकतं.

नोंद

एक साधी वही किंवा एक्सेलची शीट. तारीख, ठरलेली वेळ, पोहोचल्याची वेळ, काय झालं, मुलाचे नेमके शब्द, पुरावा कुठे आहे. आपला राग त्यात लिहू नका. मुलाने "तू घाण आहेस" म्हटलं तर तेच लिहा; 'शिकवल्यासारखं बोलला' हा तुमचा निष्कर्ष आहे, तो न्यायाधीशांना काढू द्या. मूल मजेत राहिलं त्या भेटीही लिहा. नुसत्या तक्रारींच्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय 'दारात रडलं, दहा मिनिटांनी हसत खेळत होतं, परत जाताना गेटजवळ गप्प झालं' ही नोंद दहा आरोपांपेक्षा जास्त बोलते.

भेट नाकारली गेली तर त्याच दिवशी एक मेसेज, असा: "आज शनिवार, आदेशाप्रमाणे ९.०० ते ९.४० सोसायटीच्या गेटवर होतो. मुलगा खाली आला नाही. वॉचमनकडे नोंद केली आहे. बुडालेली भेट पुढच्या शनिवारी त्याच वेळी मिळावी ही विनंती." यात शिवी नाही, टोमणा नाही, 'बघून घेईन' नाही. उद्या हा मेसेज कोर्टात निशाणी, म्हणजे पुराव्याचा कागद, म्हणून लागणार आहे हे लक्षात ठेवूनच लिहायचा. गेटवरचं रजिस्टर किंवा मायगेटसारख्या ॲपमधली नोंद वेळेचा चांगला पुरावा असते. व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि जुना फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. कुटुंब न्यायालय आपल्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पुराव्याच्या नियमांत सैल असतं, तरी प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

मुलाचं रेकॉर्डिंग करू नका. "सांग बरं, आई काय म्हणाली?" असा व्हिडिओ काढणारा पालक स्वतःच मुलाला साक्षीदार बनवत असतो, आणि तो व्हिडिओ पाहून न्यायाधीशांचं मत बहुतेक वेळा काढणाऱ्याविरुद्ध जातं.

पोलीस? ते एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून घेतील आणि हे सिव्हिल मॅटर आहे म्हणतील. कागद म्हणून एक-दोन एनसी ठीक आहेत. पण हवालदाराला घेऊन दारात गेलात तर मुलाला तेवढंच आठवेल, आणि घरात त्याला सांगितलेली गोष्ट तुम्ही स्वतः खरी करून दाखवाल.

तीन भेटी बुडाल्या की अर्ज द्या. तिसाव्या भेटीची वाट पाहू नका. अंतरिम आदेश मोडला असेल तर त्याच प्रकरणात अर्ज, अंतिम आदेश असेल तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. मागणी शिक्षेची नको, दुरुस्तीची हवी: बुडालेल्या भेटी भरून द्याव्यात, देवाणघेवाण शाळेतून व्हावी, येण्याजाण्याचा खर्च मिळावा. अवमानाचा मार्ग उच्च न्यायालयातून जातो, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण आईला किंवा बापाला तुरुंगात घालणारा म्हणून मुलाच्या मनात तुमची जागा कायमची ठरते. तो अगदी शेवटचा उपाय. अंतरिम आदेशच चुकीचा वाटत असेल तर कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९ मुळे त्यावर सहसा अपील चालत नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

पोटगी आणि भेट यांची गाठ मारू नका. 'भेट नाही तर पैसे नाहीत' म्हणणाऱ्याचा भेटीचा अर्ज पहिल्याच युक्तिवादात लंगडा होतो. पैसे बँकेतून पाठवायचे, महिन्याच्या एकाच तारखेला. मुलाच्या हातात चेक कधीही नाही.

दारात आणि दाराच्या आत

समुपदेशकासमोर काय बोललं गेलं ते आपल्या राज्यातल्या नियमांप्रमाणे गोपनीय राहतं, म्हणून तिथे पुरावा गोळा करायला जाऊ नका, मार्ग काढायला जा. दुसरं, फक्त मुलाचं समुपदेशन मागू नका. मुलाला दर आठवड्याला ताबाधारक पालकच तिथे आणतो, बाहेर थांबतो, परतीच्या रिक्षात विचारतो, "काय विचारलं?" अशाने मूल आणखी पक्कं होतं. दोन्ही पालक आणि मूल, तिघांनाही वेगवेगळं आणि नंतर जोडीने बसवणारं समुपदेशन हवं, आणि तेही भेटी चालू असताना. 'आधी मूल तयार होऊ दे, मग भेट' हा क्रम उलटा आहे. भेटीशिवाय मूल तयार होत नाही.

भेटीत काय करावं? रोजचं. डाळ-तांदूळ निवडणं, सायकलचं पंक्चर, शाळेचा प्रोजेक्ट, ठाण्याच्या तलावपाळीवर एक चक्कर. दर वेळी मॉल आणि महागडं खेळणं म्हणजे 'पैशाने विकत घेतात' हे वाक्य घरी तयारच असतं. मुलाने पढवलेला आरोप केला तर कागद काढून खोडून काढू नका. "तुला तसं सांगितलं असेल. मला ते वेगळं आठवतं. ते मोठ्यांचं आहे, आम्ही बघू. भूक लागली का?" एवढंच, आणि खरंच खायला द्या. फोनवर लहान मूल "काय केलंस आज?" ला "काही नाही" म्हणतं, कारण शेजारी कोणी ऐकत असतं. सात वर्षांखालच्या मुलासोबत व्हिडिओवर चित्र काढा, गोष्टीचं एक-एक पान वाचा. प्रश्न कमी, काम जास्त.

शाळेतला आपला धागा सोडू नका. जन्मदाखल्याची प्रत जोडून मुख्याध्यापकांना अर्ज करा आणि तीनच गोष्टी मागा: प्रगतिपुस्तक, ओपन हाऊसची तारीख, गॅदरिंगचं निमंत्रण. मनाई करणारा आदेश नसेल तर शाळेला सहसा अडचण नसते. शाळा सुटताना गेटवर उभं राहणं मात्र टाळा. मित्रांसमोर मूल ओशाळतं आणि दुसऱ्या बाजूला 'पाठलाग' हा शब्द मिळतो.

आता ज्यांच्याकडे ताबा आहे त्यांच्याबद्दल, कारण फितवल्याचा आरोप खोटाही असतो आणि तो खोटा ठरवायचीही पद्धत आहे. बॅग आदल्या रात्री भरा. मुलासमोर एकच वाक्य म्हणा, "जा, मजा कर, संध्याकाळी भेटू." परत आल्यावर चौकशी नको. मूल खरंच जात नसेल तर तसं स्वतः लेखी कळवा, कारणासकट, आणि दुसरी वेळ तुम्हीच सुचवा. काही जणांच्या हे लक्षातच येत नाही, की "तू जा, मी राहीन एकटी" हेही कान भरणंच आहे. एकही वाईट शब्द न उच्चारता केलेलं. मूल ते चेहऱ्यावरून वाचतं. घरातल्या मोठ्यांनाही आवरावं लागतं. आई गप्प असते आणि मावशी, मामा, आजी जेवताना सगळं बोलून घेतात.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा नकार पक्का झाला असेल तर कोर्ट त्याला हात धरून पाठवत नाही, आणि पाठवलं तरी उपयोग नाही. तिथे लांब पल्ल्याचं काम उरतं. महिन्यातून एक छोटा मेसेज, ज्याला उत्तर द्यावं लागणार नाही असा: दहावीला शुभेच्छा, आजीच्या घरच्या आंब्याच्या झाडाचा फोटो. 'का बोलत नाहीस' नको, 'एक दिवस तुला कळेल' तर अजिबात नको. ब्लॉक केलं असेल तर वाढदिवसाला पोस्टाने कार्ड, आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ. मोबाईल नंबर बदलू नका. घर बदललं तर नवा पत्ता शाळेला, कोर्टाला आणि त्याच्या एखाद्या काका-मामाला कळवून ठेवा. अशी मुलं पुढे स्वतःहून शोधायला लागतात, तेव्हा आधी जुनाच नंबर लावून बघतात.